झाडं कुठं पगार मागतात?



गेल्या महिन्यात बेलापुरात आमच्या गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, हप्ते वहीत चढले आणि मग नेहमीप्रमाणे बोलणं पाण्यावर आलं. आवर्तन कधी सुटणार, कालव्याला किती दिवस पाणी राहणार, जनावरांसाठी घास करावा का कडवळ. कुणीतरी म्हणालं, "भंडारदरा भरलं की आपल्याला काळजी नाही." मी सहज बोलून गेले, की धरणाच्या वर जे अभयारण्य आहे त्याला सरकारनं पुरेसा पैसा दिला पाहिजे, नाहीतर पुढं आपल्यालाच जड जाईल. आमच्या गटात सगळ्यात वयस्क बाई आहेत, आम्ही त्यांना आक्का म्हणतो. त्या म्हणाल्या, "जंगलाला कसला गं खर्च? झाडं कुठं पगार मागतात?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण खरं सांगते, आक्कांना नीट उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. घरी आल्यावर मी वाचलं, माहीतगार माणसांना विचारलं, आकडे वहीत मांडून बघितले. ते उत्तर आज तुमच्यापुढं ठेवते.

आधी आपल्या नदीपासून सुरुवात करू. आपली प्रवरा येते कुठून? अकोले तालुक्यात रतनगड आहे. त्याच्या डोंगरात प्रवरेचा उगम. पायथ्याला रतनवाडी आणि तिथलं अमृतेश्वराचं जुनं देऊळ. तिथून पाणी भंडारदरा धरणात येतं. हे धरण इंग्रजांच्या काळात, १९२६ साली पुरं झालं. साधारण ११ टीएमसी पाणी त्यात मावतं. खाली निळवंडे धरण, त्याच्या खाली ओझरचा बंधारा, तिथून कालवे, आणि कालव्यातून पाणी आपल्या संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडच्या शेतात. म्हणजे आपण बेलापूरला नदीकाठी बसून ज्या पाण्याची वाट बघतो, ते शंभराहून जास्त किलोमीटर वरून, डोंगरातून आलेलं असतं. मुळा नदीही त्याच बाजूच्या डोंगरात उगम पावते.

ह्या डोंगरांवर १९८६ साली सरकारनं अभयारण्य जाहीर केलं. नाव, कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्य. क्षेत्र ३६१.७१ चौरस किलोमीटर. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनगड, घाटघर, साम्रदची सांदण दरी, हे सगळं त्यात येतं. आपला राज्यप्राणी शेकरू तिथं झाडावर घरटी करतो. मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला हिरड्या-बेहड्यावर काजवे लखलखतात, ते बघायला मुंबई-पुण्याची माणसं गाड्या भरभरून येतात.

आता अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांत फरक काय, हे सांगते, कारण बातमीत दोन्ही शब्द येतात. दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली होतात. अभयारण्यात माणसांचे काही हक्क परवानगीनं चालू राहू शकतात, म्हणजे गावं असतात, काही ठिकाणी चराई असते. राष्ट्रीय उद्यानाचे नियम जास्त कडक, तिथं गुरं चारायलासुद्धा नेता येत नाहीत. महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत: ताडोबा, पेंच, नवेगाव, मेळघाटातलं गुगामल, मुंबईचं संजय गांधी आणि सह्याद्रीतलं चांदोली. सगळ्यात जुनं ताडोबा, १९५५ सालचं. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही, पण अभयारण्यं आहेत. वरचं कळसूबाई आपण बघितलं. कर्जत तालुक्यात काळविटांसाठी रेहेकुरी आहे. सोलापूरच्या बाजूनं येणारं माळढोक पक्ष्याचं अभयारण्यही आपल्या जिल्ह्यात शिरतं.

आणखी एक गोष्ट बघा. मुंबईच्या संजय गांधी उद्यानाच्या जंगलात विहार आणि तुळशी हे दोन तलाव आहेत, त्यांचं पाणी मुंबई पिते. पेंचच्या जंगलात तोतलाडोहचं धरण आहे, त्यातून नागपूरला पाणी जातं. चांदोलीला वारणेचं धरण आहे. आणि आपलं भंडारदरा. राखलेलं जंगल आणि धरण ही जोडी जागोजागी दिसते. यात चमत्कार काही नाही. पाऊस पाडतो तो सह्याद्रीचा कडा, हे खरं. पण पडलेला पाऊस जमिनीत मुरवणं आणि मातीला धरून ठेवणं हे काम गवत, झुडपं आणि झाडांची मुळं करतात. डोंगर उघडा पडला, की पहिल्या जोरदार पावसात माती वाहून धरणात येते. धरणात जितका गाळ बसला तितकी पाण्याची जागा कमी. ती जागा परत मिळवणं फार महागाचं काम आहे.

आता आक्कांच्या प्रश्नाकडे येऊ. झाडं पगार मागत नाहीत. पण झाडं राखणारी माणसं मागतात.

जंगलाचे तुकडे पाडलेले असतात, त्याला बीट म्हणतात. एका बीटला एक वनरक्षक. त्यानं किंवा तिनं, कारण आता ह्या नोकरीत आपल्या पोरीही पुष्कळ आहेत, रोज पायी फिरायचं. झाड तोडलंय का, फास लावलाय का, पाणवठ्यात कुणी विष कालवलंय का, कुठं धूर दिसतोय का, ते बघायचं. पावसाळ्यात जळवा-चिखल, उन्हाळ्यात वणवा. तिला बूट लागतात, बॅटरी लागते, वायरलेस लागतो, रात्री राहायला चौकी लागते, चौकीत पाणी आणि संडास लागतो. बाई माणूस चौकीत एकटी राहणार तर दाराला धड कडी लागते. २०२१ च्या नोव्हेंबरात ताडोबात व्याघ्रगणनेसाठी पायी फिरणारी एक वनरक्षक ताई वाघिणीच्या हल्ल्यात गेली. बरोबर तीन मजूर होते. जंगल राखणं हे असं काम आहे. तिथं माणसं पुरेशी हवीत, साधनं हवीत, एकटीला पाठवायची वेळ येता कामा नये.

तिच्याबरोबर हंगामी मजूर असतात. वणवा पहारेकरी, नाक्यावर बसणारे, पाणवठे भरणारे. हे बहुतेक त्याच गावांतले आदिवासी बांधव आणि भगिनी, महादेव कोळी, ठाकर. त्यांची मजुरी दरमहा वेळेवर मिळायला हवी. मग गाडीचं डिझेल, कुंपणाची दुरुस्ती, जखमी जनावराला पकडायचं जाळं, डॉक्टर, औषध. हे सगळे खर्च आपल्या घरातल्या तेल-मीठ-पिठासारखे आहेत. दिसत नाहीत, पण एक महिना थांबले की घर अडतं. नवी कमान, नवं विश्रामगृह, रंगीत फलक यांचं उद्घाटन होतं, फोटो येतो. जाळरेषेचं उद्घाटन कुणी करत नाही.

जाळरेषा म्हणजे काय? हिवाळा संपता संपता जंगलात ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातलं गवत कापायचं, ते राखून जाळायचं आणि पट्टा मोकळा करायचा. मग वणवा पेटला तरी त्या पट्ट्याशी येऊन थांबतो. आपण उसाचं पाचट पेटवताना बांधाकडेनं साफ करतो ना, तसंच. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. म्हणजे जाळरेषा त्याच्या आधी व्हायला हवी. पैसे जानेवारीत हवेत. ते मार्चअखेर आले तर कागदावर खर्च झाला, पण जंगल जळून गेलं. आपल्याला हे सांगायला नको. जूनमध्ये सोयाबीनच्या बियाण्याला कर्ज मागितलं आणि ते दिवाळीत मंजूर झालं, तर वहीत कर्ज मिळालं असंच दिसतं. शेत मात्र पडीकच राहतं. म्हणून मी नुसता "जास्त पैसा" म्हणत नाही. पुरेसा पैसा, आणि वेळेवर पैसा.

मग हा पैसा येतो कुठून? मुख्य तीन वाटा आहेत.

पहिली वाट, राज्य सरकारचा अर्थसंकल्प. वनरक्षकांचे पगार आणि खात्याचा रोजचा खर्च बहुतेक इथूनच.

दुसरी वाट, केंद्र सरकारची योजना. वन्यजीवांच्या अधिवासाचा एकात्मिक विकास अशा नावाची योजना आहे. महाराष्ट्रासारख्या राज्यात साधारण १०० रुपयांतले ६० केंद्र देतं, ४० राज्यानं घालायचे. पैसा हप्त्यानं येतो. आधीच्या हप्त्याचा हिशेब, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, गेल्याशिवाय पुढचा सुटत नाही. हिशेब मागणं बरोबरच आहे, आपल्या गटालाही बँक मागते. पण कुठल्यातरी टेबलावर कागद अडला की डोंगरावरच्या मजुराची मजुरी अडते.

हा आकडा किती आहे ते सांगते, मला तो बघून आश्चर्य वाटलं. २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ही योजना पंधराव्या वित्त आयोगाच्या काळासाठी, म्हणजे २०२१ ते २०२६ ह्या पाच वर्षांसाठी, पुढं चालू ठेवायला मंजुरी दिली. एकूण रक्कम २६०२.९८ कोटी रुपये. ऐकायला मोठी वाटते. पण ह्यात साऱ्या देशातले वाघ आले, हत्ती आले आणि इतर अभयारण्यं-उद्यानंही आली. देशात शंभराहून जास्त राष्ट्रीय उद्यानं आणि पाचशेवर अभयारण्यं आहेत. पाच वर्षांनी भागलं तर वर्षाला ५२० कोटी. देशाची माणसं १४० कोटी धरली तर वर्षाला माणशी चार रुपयांहूनही कमी. स्टँडवरचा एक कट चहासुद्धा त्यात येत नाही. राज्यं आपापले पैसे वेगळे घालतात, हे लक्षात ठेवा, म्हणजे एकूण खर्च ह्याहून जास्त आहे. पण देशपातळीवर ह्या कामाला आपण माणशी किती काढून ठेवतो, त्याचा अंदाज आला असेल. त्यातही मोठा वाटा वाघाच्या प्रकल्पांना जातो. आपल्या कळसूबाईच्या जंगलात वाघ नाही. नदी आहे, शेकरू आहे, काजवे आहेत, पण वाघ नाही. म्हणून आपल्याकडच्यांनी बोलायची गरज जास्त.

तिसरी वाट, पर्यटकांचं तिकीट. २००६ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि व्याघ्र प्रकल्पांसाठी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानं स्थापन करायची तरतूद आली. फाटकावरचा पैसा सरकारी तिजोरीत न जाता तिथंच राहावा, जंगलासाठी आणि लगतच्या गावांसाठी वापरावा, हा हेतू. चांगला हेतू आहे. ताडोबात गावातली पोरं गाडी चालवतात, बायका गाईडचं काम करतात, हे बघून आनंद वाटतो.

यावर कुणी म्हणेल, मग झालं की! जंगलानं आपलं आपण कमवावं, सरकारनं कशाला द्यायचं? मलाही आधी असंच वाटलं होतं. पण तीन गोष्टी बघा.

एक, फाटकाची कमाई बारमाही नाही. ताडोबाचा मुख्य भाग पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतो. आणि २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा सगळ्याच उद्यानांची फाटकं बंद झाली. तिकीट शून्य. पण शिकारी घरी बसला नव्हता, वणवा लागायचा थांबला नव्हता. वनरक्षक फिरतच होते. त्यांचा पगार पर्यटकाच्या तिकिटावर ठेवला असता तर?

दोन, सगळ्या जंगलात वाघ दिसत नाही आणि सगळीकडे जिप्सी फिरत नाही. रेहेकुरीच्या काळविटांना किंवा घाटघरच्या गवताला किती गर्दी येणार? नदीच्या उगमाचं जंगल पर्यटकाला आवडलं तरच राखायचं, असं म्हणून कसं चालेल? शिवाय कमाईसाठी गर्दी वाढवत नेली, की काजव्यांचं काय होतं ते भंडारदऱ्याच्या लोकांना विचारा. गाड्यांचे दिवे, मोबाइलच्या बॅटऱ्या, गाणी. काजवा अंधारात जोडीदार शोधतो, त्याला अंधारच उरत नाही. गर्दी आवरायला माणसं लागतात, म्हणजे परत पैसा लागतोच.

तीन, पैसा आला की हिशेबाची जोखीमही येते. २०२३ मध्ये ताडोबाच्या ऑनलाइन बुकिंगच्या रकमेत बारा कोटींहून जास्त रुपयांच्या अपहाराची तक्रार पोलिसांत नोंदवली गेली. तिकिटाचा असो की तिजोरीचा, पैसा कुठं गेला हे लोकांना दिसलं पाहिजे. आपण गटात दर बैठकीला वही सगळ्यांपुढं उघडतो, तसं.

तेव्हा तिकिटाचा पैसा म्हणजे घरच्या शेळीचं दूध. चहाला होतं, पोराला वाटीभर मिळतं. पण त्यावर वर्षाचा किराणा भरता येत नाही. किराण्याचा पैसा सरकारच्या तिजोरीतूनच यायला हवा, कारण जंगलाचा फायदा सगळ्यांना आहे. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेनं देशातल्या काही व्याघ्र प्रकल्पांचा असा हिशेब मांडला होता, आपला मेळघाटही त्यात होता. पाणी, माती, हवा, गवत, रोजगार यांची किंमत धरली तर ती जंगल सांभाळण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट निघाली.

श्रीमंत देशांत हा प्रश्न नाही असंही नाही. अमेरिकेत १८७२ साली यलोस्टोन हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. तिथं कोट्यवधी लोक दरवर्षी उद्यानं बघतात. तरी वर्षानुवर्षं दुरुस्तीला पैसा कमी पडला, रस्ते, नळ, इमारती मोडकळीला आल्या. शेवटी २०२० मध्ये त्यांना साठलेल्या दुरुस्तीसाठी वेगळा कायदा करून निधी द्यावा लागला. गळकं छप्पर वेळेवर शाकारलं नाही की पुढं वासेच बदलावे लागतात.

आता बिबट्याबद्दल बोलते, कारण आपल्या भागात जंगल म्हटलं की बाईच्या डोळ्यापुढं पहिला बिबट्याच येतो. पहाटे उसाला पाणी धरायला नवरा गेला की जीव टांगणीला लागतो. पोरगं अंगणात लघवीला उठलं तरी आपण मागं जातो. भीती खरी आहे. पुष्कळ जणींना वाटतं, की जंगलखात्याचे बिबटे अभयारण्यातून पळून आपल्याकडे आले. तसं नाही. उसात वर्ष वर्ष लपायला जागा आहे, कालव्याला पाणी आहे, कुत्री-डुकरं आहेत. बिबट्याच्या पिढ्या आता उसातच जन्मतात, तोडणीच्या वेळी पिल्लं सापडतात ती त्यामुळंच. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्याच शेतीच्या भागात कॅमेरे लावून अभ्यास केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. १०० चौरस किलोमीटरला साधारण पाच मोठे बिबटे, तेही दाट वस्तीच्या शेतीत. त्यांच्या खाण्यात सगळ्यात जास्त कुत्री निघाली.

मग अभयारण्याच्या पैशाशी ह्याचा संबंध काय? संबंध असा, की पिंजरा लावणारी, गर्दी आवरणारी, पंचनामा करणारी, विहिरीत पडलेला बिबट्या काढणारी माणसं वनखात्याचीच. एका वनरक्षकाकडे दहा-दहा गावं असली, तर तो जाळरेषा बघणार का तुमच्या वस्तीवर येणार? खातं तोकडं राहिलं की जंगलातही माणूस कमी पडतो आणि गावातही.

आमच्या गटातल्या एका ताईंचं सांगते. गटाच्या कर्जातून त्यांनी दोन शेळ्या घेतल्या होत्या. रात्री बिबट्यानं गाभण शेळी नेली. ताईंनी सकाळी वास सुटेल म्हणून ती लांब नेऊन पुरली. नंतर कळलं, की पंचनामा झाल्याशिवाय मेलेलं जनावर हलवायचं नसतं. त्या शेळीचं काहीच मिळालं नाही. पुढच्या वर्षी दुसरी गेली, तेव्हा त्यांनी सगळं नियमानं केलं. पंचनामा झाला, कागद गेले. मग महिनोन्महिने एकच उत्तर, "प्रस्ताव गेलाय, निधी आला की मिळेल." गटाचा हप्ता मात्र दर महिन्याला द्यावाच लागला. तो ताईंनी दुसऱ्याच्या रानात खुरपणी करून फेडला. मैत्रिणींनो, निधी नाही हे दोन शब्द असे आपल्या दारात येऊन पोचतात. अभयारण्याला पुरेसा पैसा द्या, हे म्हणणं त्या दिवसापासून मला लांबचं वाटत नाही.

म्हणून हे लिहून ठेवा. जनावर मेलं तर ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवायचं. मढं जागचं हलवायचं नाही. फोटो काढून ठेवायचा. वनखात्याचा मदत क्रमांक आहे १९२६. भंडारदरा धरण पुरं झालं तेही १९२६ सालीच, तेव्हा विसरायला होणार नाही. माणूस दगावला तर वारसांना २५ लाख रुपये द्यायचा शासनाचा निर्णय २०२३ मध्ये झाला. पैशानं माणूस परत येत नाही, पण कायद्यानं जे आहे ते बाईच्या हातात वेळेवर पडलं पाहिजे.

आणखी एक बाजू आहे आणि ती आपण खालच्यांनी विसरू नये. अभयारण्यात राहणाऱ्या आपल्या बहिणी. पाणी त्यांच्या डोंगरातून आपल्याकडे येतं. आपल्याकडे ऊस झाला, कारखाने झाले. तिकडे उन्हाळ्यात बाया हंड्यासाठी डोंगर उतरतात. सरपणावर बंधन, रस्ता करायचा तरी परवानगी. बंधनं त्यांनी सोसायची आणि फायदा आपण घ्यायचा, हा न्याय नाही. अशा गावांसाठी राज्यानं २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आणली. त्यातून स्वस्तात गॅस, शेताला कुंपण अशा गोष्टी देता येतात, म्हणजे जंगलावरचा भार हलका होतो आणि बाईच्या डोक्यावरचाही. पण योजना असून चालत नाही, तिच्या खात्यात पैसा लागतो. जंगलाच्या निधीत जंगलातल्या माणसाचा वाटा नसेल, तर ते जंगल टिकणार नाही. ज्याचं पोट तिथं आहे तोच ते राखतो.

नुसती घोषणा काय कामाची, ह्याचं उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. १९७९ मध्ये माळढोकासाठी सोलापूर-नगरच्या माळावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. एवढ्या क्षेत्रात गावंच्या गावं, शेतं, बाजार सगळं आलं. लोकांना व्यवहार करणं अवघड झालं, लोक चिडले, पुढं क्षेत्र कितीतरी कमी करावं लागलं. आणि माळढोक? तो आता आपल्या भागात जवळजवळ दिसेनासा झालाय. ह्याला कारणं पुष्कळ आहेत, माळरानं नांगरली गेली, विजेच्या तारा आल्या. केवळ पैशानं तो वाचला असता असं मी म्हणणार नाही. पण नकाशावर मोठी रेघ ओढली म्हणजे राखण झाली असं होत नाही, हे त्यातून कळतं.

आता शेवटचा आणि खरा अवघड प्रश्न. एक ताई मला म्हणाली, "आमच्या दवाखान्यात डॉक्टर नाही, शाळेचं छत गळतंय. जंगलाला पैसे द्या असं कोणत्या तोंडानं म्हणू?" तिचं चुकलं नाही. दवाखान्याचा पैसा काढून जंगलाला द्या असं मीही म्हणणार नाही. पण दवाखाना का जंगल असा प्रश्न आपल्यापुढं ठेवला जातो, तोच मला खोटा वाटतो. माणशी वर्षाला चार रुपयांच्या जागी आठ झाले म्हणून कुठला दवाखाना बंद पडणार नाही. आणि नदीत गाळ आला, आवर्तन कमी झालं, तर घरात पहिली ओढाताण बाईचीच होते. पाणी लांबून तीच आणते, जनावराचा चारा तीच शोधते, उसनवारीही तिलाच करावी लागते.

मग आपण काय करायचं? मोर्चा काढा असं मी सांगत नाही. आपल्याला जमेल ते सांगते.

ग्रामसभेत बोला. राज्याचा अर्थसंकल्प साधारण मार्चमध्ये मांडतात, त्याची जुळवाजुळव हिवाळ्यातच चालते. तेव्हा हिवाळ्यातल्या ग्रामसभेत ठराव घ्या: प्रवरेच्या उगमाच्या अभयारण्याला आणि आपल्या भागातल्या वनखात्याला पुरेसा निधी मिळावा, वणव्याचा निधी जानेवारीच्या आत मिळावा, नुकसानभरपाईची रक्कम थकू नये. ठरावाची प्रत आमदारांना द्या. जिल्हा वार्षिक योजनेतूनही वनखात्याच्या कामांना पैसा देता येतो, ती मागणी पालकमंत्र्यांपर्यंत जाऊ द्या.

हिशेब विचारा. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज करता येतो. ह्या वर्षी जाळरेषेला किती निधी आला, कोणत्या तारखेला आला, किती खर्च झाला. दारिद्र्यरेषेखालच्या बहिणींना ते दहा रुपयेही लागत नाहीत. प्रश्न साधा आणि तारखेचा ठेवा.

काजवे बघायला, कळसूबाईला गटाची सहल काढाल, तर नाक्यावर शुल्क भरा आणि पावती मागून घ्या. जेवण तिथल्या गावातल्या बायकांच्या घरी घ्या. त्यांच्या गटाशी ओळख करा. वरच्या गावांचे गट आणि कालव्याखालचे गट एकत्र बोलले, तर ती मागणी ऐकावी लागेल.

मागच्या आठवड्यात मी हे सगळं आक्कांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "म्हणजे झाडांचा पगार नाही, राखणदाराचा." मी म्हटलं, "होय." मग विचारलं, "ठरावावर अंगठा चालतो का गं?"

चालतो, आक्का. तुम्हीही या ग्रामसभेला मैत्रिणींनो, आणि येताना शेजारणीला घेऊन या.